कॉफीचा कप, उसाचा फड आणि दोन टक्क्यांची जबाबदारी

परभणी जिल्ह्यात कॉफीचे एकही झाड नाही. इथे कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकते. जायकवाडीचे पाणी पोचते तिथे ऊस. मग स्टारबक्ससारख्या जागतिक कॉफी कंपनीची सामाजिक जबाबदारी आणि तिची पर्यावरणाची धोरणे यांवर आपण का बोलावे? असा प्रश्न आमचे काही तरुण कार्यकर्ते विचारतील, आणि तो रास्त आहे.

आमचे उत्तर असे. पहिली गोष्ट, गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातली आपली मुले-मुली शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, आणि त्यातली बरीच मॉल, कॅफे आणि डिलिव्हरीच्या कामात स्थिरावतात. दुसरी गोष्ट, कॉफी गोड करणारी साखर ज्या हातांनी तोडलेल्या उसातून येते, त्यात याच जिल्ह्यातले हात आहेत. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीएसआर, सस्टेनेबिलिटी, 'नैतिक खरेदी' हे शब्द आता आपल्या विहारापर्यंत आणि अभ्यासिकेपर्यंत आले आहेत. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतो, 'सीएसआरमधून निधी मिळेल, अर्ज करा.' निधी घ्यावा की नाही हा पुढचा मुद्दा. आधी ही व्यवस्था चालते कशी ते समजून घेतले पाहिजे. त्यासाठी स्टारबक्सइतके ठळक उदाहरण दुसरे नाही, कारण 'आम्ही चांगले वागतो' हे ज्या कंपनीने आपल्या मालाइतकेच विकले, तिच्यात तिचा क्रमांक फार वरचा आहे.

कंपनी काय सांगते

स्टारबक्सची सुरुवात १९७१ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात झाली. आज ८० हून अधिक देशांत तिची ४० हजारांच्या आसपास दुकाने आहेत. भारतात ती टाटा समूहाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत आली. पहिले दुकान १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ उघडले. भारतातल्या दुकानांसाठीची कॉफी मुख्यतः कर्नाटकातल्या टाटांच्या मळ्यांतून येते.

२००४ मध्ये कंपनीने 'कॅफे प्रॅक्टिसेस' नावाची स्वतःची नियमावली आणली. 'कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल' या संस्थेच्या मदतीने ती तयार झाली. मळ्यावर मजुरी किती, बालमजूर आहेत का, पाणी आणि झाडे यांचे काय, असे निकष त्यात आहेत आणि तपासणी बाहेरच्या संस्था करतात. २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केले की तिची ९९ टक्के कॉफी आता नैतिक मार्गाने खरेदी होते. जानेवारी २०२० मध्ये पुढचे आश्वासन आले : २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन, पाण्याचा उपसा आणि कचरा निम्म्यावर आणणार.

यात खोटे सगळेच आहे असे आम्ही म्हणत नाही. कोडगू जिल्ह्यातील पोलिबेट्टा येथे टाटा कॉफीच्या आधाराने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी 'स्वस्थ' हे केंद्र अनेक वर्षे चालू आहे. ते त्या मुलांसाठी खरे काम आहे. मे २०२३ मध्ये टाटा स्टारबक्सने भारतात एक जाहिरात केली : मुलगी म्हणून नवे आयुष्य स्वीकारलेल्या आपल्या अपत्याला वडील कपावरच्या नव्या नावातून स्वीकारतात. त्यावर समाजमाध्यमांत बहिष्काराच्या हाका उठल्या. त्या गोंधळात आम्ही जाहिरातीच्याच बाजूचे होतो.

तरीही कंपनी चांगली दिसते का, हा आपला प्रश्न नाही. तिच्या साखळीत शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूस माणसासारखा जगतो का, हा आहे.

साखळीच्या शेवटच्या टोकाला

ब्राझील हा जगातला सर्वांत मोठा कॉफी उत्पादक देश. तिथल्या 'रिपोर्टर ब्राझील' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने गेल्या काही वर्षांत अनेकदा दाखवून दिले की ज्या मळ्यांना 'कॅफे प्रॅक्टिसेस'चे प्रमाणपत्र होते, त्यांतल्या काही मळ्यांवर सरकारी कामगार निरीक्षकांना मजुरांचे गंभीर शोषण आढळले. या माहितीच्या आधारावर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील 'नॅशनल कन्झ्युमर्स लीग' या ग्राहक संघटनेने 'नैतिक खरेदी'चा दावा ग्राहकांची दिशाभूल करतो म्हणून कंपनीवर खटला भरला. एप्रिल २०२५ मध्ये ब्राझीलच्या आठ मजुरांच्या वतीने अमेरिकेत आणखी एक दावा दाखल झाला. त्यात गुलामीसदृश स्थितीत काम करून घेतल्याचा आरोप आहे. कंपनीने आरोप नाकारले आहेत. हे आरोप आहेत, निकाल नव्हेत, ही नोंद ठेवूनच आपण बोलले पाहिजे.

पण त्यात दिसणारी यंत्रणा लक्षात घ्या. कंपनी मळ्याकडून थेट घेत नाही. मध्ये व्यापारी आणि सहकारी संस्था असतात. मळेवाला मजूर थेट ठेवत नाही. दलाल गरीब भागातून मजूर आणतो. मजूर पोचतो तेव्हा प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे त्याच्या अंगावर कर्ज म्हणून चढलेले असतात. तपासणी करणारा येतो तो ठरवून, वर्षाकाठी नाहीतर दोन-तीन वर्षांनी. मजूर असतो हंगामापुरता. कागद आणि माणूस यांची गाठ पडतच नाही.

परभणीच्या वाचकाला यात काही अनोळखी वाटते का? आपल्याकडे त्या दलालाला मुकादम म्हणतात आणि त्या कर्जाला उचल.

फडावरचा हिशेब

दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली. ती लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या वर्षीच्या उचलीत गेलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाजवळ खोपी पडते. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. एक दिवस आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाई गरोदर असो की पाळीच्या त्रासात असो, खाडा चुकत नाही. बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, पारधी अशा सगळ्या समाजांतली माणसे या टोळ्यांत आहेत. सगळ्या महाराष्ट्रात ही संख्या दहा लाखांच्या घरात सांगितली जाते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा एकट्या बीडचा आहे. परभणीच्या टोळ्या त्याच फडांवर, त्याच मुकादमांच्या व्यवस्थेत जातात.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी केलेल्या शोधवृत्ताने हाच फड थेट कोकाकोला आणि पेप्सिको या कंपन्यांच्या पुरवठासाखळीशी जोडून दाखवला. उचलीचे कर्ज, बालविवाह, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया हे सगळे जगाने वाचले. त्या कंपन्यांचीही पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहे. उसासाठीही 'बोन्सुक्रो' नावाचे जागतिक प्रमाणपत्र आहे. म्हणजे कॉफीत जे घडते तेच साखरेत : वर कागद स्वच्छ, खाली खोपी तशीच.

कारखान्याला विचारले तर उत्तर ठरलेले असते. मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो, मीही याच गावचा, माझ्याही अंगावर कर्ज आहे. जबाबदारी अशी एकेक पायरी खाली सरकत जाते आणि शेवटी ती मजुराच्याच डोक्यावर येते. जबाबदारी झटकण्याची ही पद्धत समजली की कॉफी कंपनीचा अहवाल वाचायला वेगळे शिक्षण लागत नाही.

दोन टक्क्यांचा कायदा आणि शून्य

आता आपल्या देशातल्या कायद्याकडे येऊ. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. मोठ्या कंपन्यांना असे बंधन घालणाऱ्या पहिल्या देशांत भारत आहे, याचा आपण अभिमान ऐकत आलो. २०२२-२३ मध्ये देशभरात या मार्गाने सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले.

पण 'नफ्याच्या' या एका शब्दात सगळी मेख आहे. टाटा स्टारबक्सचीच गोष्ट घ्या. २०२२-२३ मध्ये तिची भारतातली उलाढाल १,००० कोटींच्या पुढे गेली, म्हणजे ती कायद्याच्या कक्षेत येण्याइतकी मोठी झाली. मात्र नवी दुकाने उघडण्याच्या खर्चामुळे ताळेबंद तोट्यात आहे. सरासरी नफाच नसेल तर त्याचे दोन टक्के म्हणजे शून्य. कंपनी स्वतःहून काही करेल तर तिची मर्जी. कायद्याने तिला मागता येत नाही. यात बेकायदा काही नाही. कायदाच तसा आहे.

दुसरी बाजू साखरेची. कलम १३५ कंपन्यांना लागू होते. सहकारी साखर कारखाने हे कंपनी नसून सहकारी संस्था आहेत, म्हणून ते या कलमाबाहेर. खासगी कारखाने कंपन्या आहेत, पण त्यांचेही गणित नफ्यावर चालते आणि साखर धंद्यात ताळेबंद कसा मांडला जातो हे मराठवाड्याला सांगायला नको. म्हणजे ज्या उद्योगाने परभणीच्या माणसाचे शरीर सर्वाधिक झिजवले, तोच उद्योग या कायद्याच्या जाळीतून मोठ्या प्रमाणात निसटतो.

तिसरी बाजू जागेची. कायदा म्हणतो, कंपनीने आपल्या कामाच्या ठिकाणाला आणि आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावे. वाचायला हे न्यायाचे वाटते. पण ज्या जिल्ह्यात मोठा उद्योगच नाही त्याचे काय? कारखाने, मुख्यालये आणि कार्यालये मुंबई, ठाणे, पुणे, रायगड पट्ट्यात. म्हणून सीएसआरचा पैसाही तिकडेच वळतो. सीएसआर खर्चात महाराष्ट्र देशात अव्वल असतो, आणि त्या अव्वल नंबराचा परभणीला काही उपयोग होत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्पष्ट केले की हे स्थानिक प्राधान्य सक्तीचे नाही, दिशादर्शक आहे. म्हणजे कंपनीला बाहेर जायला मोकळीक आहे. पण बाहेर जाताना बऱ्याच कंपन्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या सरकारी यादीकडे बघतात. महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव हे चार जिल्हे त्या यादीत आहेत. परभणी नाही. उद्योग नाही म्हणून स्थानिक पैसा नाही, आणि पुरेसे मागास ठरलो नाही म्हणून बाहेरचा पैसाही नाही. जिल्हा या दोन्हींच्या मधोमध अडकला आहे.

हे सगळे दानाच्या भाषेत चालते हीच मुळात अडचण आहे. दान मागणाऱ्याला दात्याच्या सोयीने उभे राहावे लागते.

टनामागे दहा रुपये

याच महाराष्ट्रात एक वेगळी पद्धतही आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे उभी केली. माल उचलून घेणाऱ्या व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, सुट्टीचा पगार, दवाखाना. व्यापाऱ्याला त्या वर्षी नफा झाला की तोटा, हे मंडळ विचारत नाही. काम झाले, लेव्ही भरा.

ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे तत्त्व हेच आहे. गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्य सरकारने घालायचे. हिशेब साधा आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला तर कारखान्याचे ५० लाख आणि सरकारचे ५० लाख, मिळून एक कोटी. तोटा दाखवला तरी गाळप लपत नाही.

याच विचारातून २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. आई-बाप फडावर गेल्यावर मुलांनी गावातच राहून शाळा शिकावी म्हणून ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी ८२ वसतिगृहे ठरली. त्या तालुक्यांत परभणी जिल्ह्यातलेही आहेत. जानेवारी २०२४ मध्ये कारखानदार आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात तोडणी दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. तो संघटनेच्या दबावाने झाला, कोणत्याही कंपनीच्या सस्टेनेबिलिटी अहवालाने नाही.

योजना कागदावर आहे, अंमलबजावणीत खोट आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ओळखपत्र नसलेला मजूर महामंडळाला दिसत नाही. वसतिगृह भाड्याच्या इमारतीत उशिरा सुरू होते तोवर टोळी मुलासह निघून गेलेली असते. तरीही तत्त्वाचा फरक मोठा आहे. सीएसआरचा पैसा नफ्याच्या उरलेल्या भाकरीतून येतो; लेव्ही कामातून येते आणि म्हणून ती हक्काची असते. कॉफीपासून कोल्ड्रिंकपर्यंत साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून असे टनामागे काही घेतले जावे, ही मागणी आपण का करू नये? त्यांना प्रमाणपत्रावर खर्च करायला पैसे आहेत. तेच पैसे थेट मजुराच्या खात्याकडे वळवता येतात.

अहवालात नसलेला रकाना

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात स्टारबक्सच्या दुकानात दोन कृष्णवर्णीय तरुण एका बैठकीसाठी थांबले होते. काही विकत घेतले नाही म्हणून दुकानातून पोलिसांना फोन गेला आणि दोघांना बेड्या पडल्या. देशभर संताप उसळला. २९ मे २०१८ रोजी कंपनीने अमेरिकेतली ८ हजारांहून अधिक दुकाने दुपारभर बंद ठेवून कर्मचाऱ्यांना वंशभेदाविषयी प्रशिक्षण दिले. एका दुपारीने वंशभेद जात नाही. पण आपल्या दुकानात वंशभेद असू शकतो, हे कंपनीला जाहीरपणे मान्य करावे लागले.

भारतात जातीबद्दल असे किती कंपन्यांनी मान्य केले आहे? सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना 'बीआरएसआर' हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते, दिव्यांग कर्मचाऱ्यांची द्यावी लागते, पाण्याचा आणि विजेचा हिशेब द्यावा लागतो. अनुसूचित जाती-जमातीचे कर्मचारी किती आणि कोणत्या पदांवर, हा सक्तीचा रकाना त्यात नाही. टाटा स्टीलसारख्या काही कंपन्या ही माहिती स्वतःहून देतात, हे चांगले आहे. पण स्वतःहून देणे आणि द्यावीच लागणे यात फरक आहे. पुरवठासाखळीतल्या मजुरांची माहिती तर ऐच्छिकच ठेवली गेली आहे. नेमके तिथेच परभणीचा माणूस आहे. सफाईचे कंत्राट कोणाकडे, गोदामात ओझे कोण उचलते, मळ्यावरच्या लाईनीतल्या खोल्यांत कोण राहते, याचे उत्तर जात विचारल्याशिवाय मिळत नाही. कोडगूच्या कॉफी मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या आदिवासींना राहायला स्वतःची जागा नव्हती म्हणून दिड्डळ्ळीत झोपड्या घालाव्या लागल्या, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्या पाडल्या गेल्या. 'शाश्वत कॉफी'च्या माहितीपत्रकात हे येत नाही.

जात न विचारणे म्हणजे जात नसणे नव्हे, हा धडा आपल्याला नवा नाही. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला होता. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला जागा नव्हती, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. मालकाच्या हिशेबवहीत ही बंदी कुठे लिहिलेली नव्हती. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. परभणीहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही त्याच मनमाडवरून जाते आणि पोटासाठी निघालेली आपली मुले तिच्यात बसलेली असतात.

हवामान सगळ्यांचे, झळ कोणाला

सस्टेनेबिलिटीचा दुसरा अर्धा भाग पर्यावरणाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलच्या दुष्काळामुळे जागतिक बाजारात अरेबिका कॉफीचे भाव विक्रमी पातळीवर गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुराने सोयाबीन-कापूस पाण्यात गेले. परभणीही त्यात होती. कॉफी कंपनी भाव वाढवून आपला तोटा ग्राहकावर ढकलू शकते. सोयाबीन गेलेला अल्पभूधारक तो मुकादमाकडे उचल मागून भरून काढतो. जमीन नसलेल्या बौद्ध कुटुंबाला पंचनाम्यात जागाच नसते, कारण नुकसानभरपाई सातबाऱ्यावर मिळते. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्टारबक्सने नवा प्रमुख नेमला आणि त्याने कॅलिफोर्नियातल्या घरातून सुमारे १,६०० किलोमीटरवरच्या सिएटल कार्यालयात कंपनीच्या विमानाने ये-जा करायची, अशी मुभा करारात दिली. कागदी कप आणि प्लॅस्टिकच्या नळ्या कमी करा, असे ग्राहकाला सांगणाऱ्या कंपनीवर तेव्हा जगभरातून टीका झाली. पर्यावरणाचा संयम नेमका कोणाकडून अपेक्षित असतो, हे यातून कळते.

आपले माप

या सगळ्याला मापायला आपल्याकडे बाहेरचे माप आणायची गरज नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कामगारांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कुवतीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच ओळींपुढे खाडा ठेवून बघा. एकही कर्तव्य टिकत नाही. कूटदंत सुत्तात तर राजाला सांगितले आहे की मोठा यज्ञ करण्याआधी शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन दे. आजच्या भाषेत, आधी मजुरी आणि मग सोहळा. फोटो काढून वाटलेल्या शाळेच्या दप्तरांना आमचा विरोध नाही. पण त्या दप्तरातला मुलगा नोव्हेंबरमध्ये फडावर जाणार असेल तर दप्तर काय कामाचे?

सम्यक आजीविका ही व्यक्तीने पाळायची गोष्ट आहे तशीच ती कंपनीलाही लावता येते. नफ्याचे दोन टक्के कुठे गेले हे विचारताना उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे आले हे विचारायचे, एवढाच तिचा अर्थ. सीएसआरच्या नियमांतही हे एका अर्थाने मान्य आहे : केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. मजुराची मजुरी हे उपकार नाहीत, हे कायद्यालाही कळते.

काय करता येईल

तरुण कार्यकर्त्यांसाठी काही कामे आम्ही सुचवतो. ती लगेच सुरू करता येण्यासारखी आहेत.

एक, राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हानिहाय खर्च पाहता येतो. परभणीत कोणत्या कंपनीने, कशावर, किती खर्च दाखवला याची यादी काढा आणि त्या गावात जाऊन बघा. काम झाले असेल तर तसे लिहा, झाले नसेल तर तेही लिहा.

दोन, गावातून टोळी निघण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, प्रत्येक ऊसतोड मजुराची ग्रामपंचायतीकडे नोंद आणि ओळखपत्र झाले का ते तपासा. नवरा-बायको दोघांचे वेगळे ओळखपत्र मागा. कोयत्याच्या हिशेबात बाई दिसतच नाही, म्हणून हे महत्त्वाचे आहे.

तीन, तालुक्याला मंजूर झालेली वसतिगृहे कुठे आहेत, किती मुले राहतात, हंगामाच्या पहिल्या दिवशी ती उघडी असतात का, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. महामंडळाकडे जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याने किती लेव्ही भरली, हेही विचारा.

चार, ज्या संस्थांना निधी हवा आहे त्यांनी कागद नीट करून ठेवावेत. नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी, आयकराची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी, अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ क्रमांक एवढे लागते. आपल्या बऱ्याच संस्था पात्र असूनही कागदाअभावी बाहेर राहतात. आणि निधी घेताना एक अट मनाशी पक्की ठेवा : त्या कंपनीबद्दल बोलण्याचा आपला हक्क आपण विकणार नाही. ही अट तिला मान्य नसेल तर तो निधी नको.

पाच, पुण्या-मुंबईत कॅफे, मॉल, डिलिव्हरीत काम करणाऱ्या आपल्या मुलांनी संघटनेचा विचार करावा. अमेरिकेतील बफलो शहरात स्टारबक्सच्या एका दुकानातल्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये मतदान करून युनियन केली आणि पुढे शेकडो दुकानांत ती पसरली. स्वतःला प्रगत म्हणवणाऱ्या कंपनीनेही तिला सहज जागा दिली नाही. त्यांत बरीच तरुण मुले-मुली होती. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याची धुरा सांभाळणाऱ्या बाबासाहेबांच्या वारसांना हे अवघड वाटू नये.

सहा, बीआरएसआर अहवालात अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्यांचा आणि कंत्राटी कामगारांचा रकाना सक्तीचा करावा, आणि साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर टनामागे लेव्ही लावावी, या दोन मागण्या प्रत्येक पक्षाच्या लोकप्रतिनिधीपुढे लेखी ठेवा. परभणीच्या खासदाराने आणि आमदारांनी त्यावर सभागृहात प्रश्न विचारला का, हे पुढच्या निवडणुकीत मते मागायला येतील तेव्हा त्यांना विचारायचे आहे.

टोळ्या दरवर्षी निघतात आणि परत येतात. पुढच्या ऑक्टोबरला आपल्या वस्तीतली किती मुले शाळेत राहिली, याची मोजणी आपण स्वतः केली पाहिजे. कंपन्यांचे अहवाल त्यानंतर वाचू.